काल लावलेली बटणं आज जागेवर सापडावीत म्हणून

परभणीहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला दुकानाचं शटर ओढायच्या बेतात होतो. "मामा, काल रात्री दोन तास बसून सगळी बटणं लावलो, आज बघायलो तर पहिल्यासारखंच झालंय की!" मी विचारलं, "रात्री लाईट गेली होती का?" तर म्हणे, "गेली होती, साडेअकराला. पण तिचा काय संबंध?"

संबंध होता. कॉम्प्युटरवरच्या खेळात कोणतं काम कीबोर्डच्या कोणत्या बटणाने करायचं, ती बटणं त्याने लावली होती, पण ती कुठे लिहिली जाण्याआधीच कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. खेळात बटण बदलणं वेगळं आणि तो बदल जपला जाणं वेगळं, हे नव्या पोरांना कुणी सांगतच नाही. मग रोज संध्याकाळी तीच बटणं पुन्हा लावत बसतात आणि शेवटी कंटाळून, खेळाने जे दिलंय त्यावरच हात बसवून घेतात.

त्या रात्री फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चारल्याप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजीत, छोट्या अक्षरांत. आणि ‘की’ न म्हणता मी ‘बटण’ म्हणणार आहे, कारण ‘की दाबली की की अडकते’ असलं वाक्य लिहायची माझी तयारी नाही.

आधी हे शोधा: तुमचा खेळ बटणं ठेवतो कुठे?

याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. साधारण तीन जागा असतात.

पहिली जागा म्हणजे तुमचं खातं. व्हॅलोरंटचं असंच आहे. बटणांची सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्या खात्यासोबत राहते. लातूरला लावा, संभाजीनगरला मावशीच्या घरी लॉगिन करा, बटणं हजर. ग्राफिक्सचं मात्र तसं नाही, ते त्या त्या कॉम्प्युटरपुरतं असतं. म्हणून ‘माझी सेटिंग उडाली’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, बटणं उडाली की चित्र बिघडलं?

दुसरी जागा म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरमधली एक फाइल. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ‘ऑप्शन्स डॉट टीएक्सटी’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर कोणत्या कामाला कोणतं बटण, ते ओळीओळीने दिसतं. ती सापडायला विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, टक्क्याचं चिन्ह, ‘ॲपडेटा’, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं लिहून एंटर मारा, आणि टिंबाने सुरू होणारा माइनक्राफ्टचा फोल्डर उघडा. ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवली की बटणं तुमच्या खिशात. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर ती परत जागेवर ठेवायची, बस्स.

तिसऱ्या प्रकारात दोन्ही असतं: फाइल कॉम्प्युटरवर आणि तिची प्रत ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या क्लाउडमध्ये. काउंटर स्ट्राइक २ यातला. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून त्याच्याकडे सविस्तर येतो.

ब्राउझरमध्ये चालणारे खेळ पुष्कळदा बटणं ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतात. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हणून कुणी ब्राउझरचा सगळा डेटा पुसला की बटणंही गेली. इनकॉग्निटो खिडकीत खेळलात तर खिडकी बंद होताच गेली. अशा खेळांत सेटिंग एक्स्पोर्ट करायची सोय असते का ते बघा. असेल तर मिळणारा मजकूर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

तुमचा खेळ यातला कुठला, हे कुणाला न विचारता ओळखायची एक चाचणी आहे. एखादं बिनमहत्त्वाचं बटण बदला, भिंतीवर चित्र उमटवायचं वगैरे. खेळ मेनूतून नीट बंद करा. पुन्हा उघडा. बदल राहिला असेल तर तो निदान फाइलीत तरी उतरलाय. आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमच्याच खात्याने लॉगिन करा. तिथेही दिसला तर खात्यात किंवा ढगात आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दोन तास बटणं लावायच्या आधी करायचं आहे, नंतर नाही.

लाईट जाणारच आहे

बरेच खेळ बदल त्याच क्षणी डिस्कवर लिहीत नाहीत. काही सेटिंगच्या पानावरून मागे आल्यावर लिहितात, काही खेळ रीतसर बंद केल्यावर. तोवर बदल नुसता मेमरीत असतो, आणि मेमरी विजेवर जगते. ज्यांच्याकडे यूपीएस आहे त्यांना याची झळ लागत नाही. घरात इन्व्हर्टर असला तरी कॉम्प्युटरची पिन त्या लाइनीवर आहे का ते बघा. आपल्याकडे इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन ट्यूब असतात, कॉम्प्युटर बहुधा नसतो.

म्हणून सवय लावा: बटणं बदलली की मॅचमध्ये उडी न घेता आधी खेळ पूर्ण बंद करायचा, मेनूतल्या बाहेर पडण्याच्या बटणाने. ऑल्ट-एफ ४ नको, टास्क मॅनेजरमधून मारून टाकणं तर नकोच. मग पुन्हा उघडायचा. भाचा म्हणाला, "एवढं कोण करतंय मामा?" मी म्हटलं, "दोन तास बटणं कोण लावतंय मग?"

काउंटर स्ट्राइक २: फाइल आपल्या हाताने लिहायची

सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड-माउसच्या पानावर हवं ते काम निवडायचं आणि नवं बटण दाबायचं, एवढं सगळ्यांना येतं. पण त्यावर विसंबून राहू नका. या खेळात बटणं स्वतः लिहून ठेवायची सोय आहे आणि ती फार जुनी आहे. १९९६ च्या क्वेक या खेळात ‘बाइंड’ ही, बटणाला काम बांधून देणारी आज्ञा होती; तिथून १९९८ च्या हाफ-लाइफमध्ये आणि पुढे काउंटर स्ट्राइकमध्ये ती तशीच उतरली. आज आपण खेळात चालायला डोळे झाकून डब्ल्यू-ए-एस-डी वर बोटं ठेवतो, त्या मांडणीचा बोलबाला झाला त्यात क्वेकचा खेळाडू डेनिस फाँग याचा मोठा हात होता. थ्रेश या नावाने खेळायचा. १९९७ साली त्याने क्वेकची स्पर्धा मारली आणि बक्षीस म्हणून त्या खेळाचा कर्ता जॉन कारमॅक याची फेरारी घरी नेली. मग त्याची बटणं सगळ्यांनाच हवीशी वाटली, यात नवल नाही.

आता काम.

पहिल्यांदा कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, चालू करा. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘गेम’ पानावर ‘एनेबल डेव्हलपर कन्सोल’ असं असतं, तिथे ‘येस’. मग एस्केपच्या खालचं, १ या आकड्याच्या डावीकडचं बटण दाबलं की काळी खिडकी उघडते. त्यात ‘बाइंड’, मग जागा, मग दुहेरी अवतरणात बटणाचं नाव, पुन्हा जागा, पुन्हा दुहेरी अवतरणात काम. चाक खाली फिरवून उडी मारायची असेल तर पहिल्या अवतरणात ‘एमव्हीलडाउन’ आणि दुसऱ्यात ‘अधिकचं चिन्ह, जंप’. एमव्हील म्हणजे माउसचं चाक, सगळं जोडून. कामाआधीचं ते अधिकचं चिन्ह विसरू नका: बटण दाबलेलं असेपर्यंत काम चालू आणि सोडलं की बंद, असा त्याचा अर्थ आहे. खरेदीच्या आज्ञेला ते लागत नाही. एफ ३ वर चिलखत-हेल्मेट ठेवायचं तर दुसऱ्या अवतरणात नुसतं ‘बाय’, जागा, ‘वेस्टहेल्म’.

बटणं लावून झाली की त्याच खिडकीत ‘होस्ट, अंडरस्कोर, राइटकॉन्फिग’ एवढं लिहून एंटर. मध्ये जागा नाही. या आज्ञेने खेळ चालू असतानाच सेटिंग फाइलीत उतरते. भाच्याने हे एक केलं असतं तर त्या रात्रीचा फोन आला नसता.

पण पक्कं काम हवं असेल तर स्वतःची फाइल करा. स्टीममध्ये (हा खेळ ज्यातून उतरवतो आणि उघडतो ते ॲप) लायब्ररीत खेळाच्या नावावर राइट क्लिक, ‘मॅनेज’, मग ‘ब्राउझ लोकल फाइल्स’. फोल्डर उघडेल. आत ‘गेम’, त्यात ‘सीएसगो’, त्यात ‘सीएफजी’. तिथे नोटपॅडने नवी फाइल करायची, नाव ‘ऑटोएक्झेक डॉट सीएफजी’. प्रत्येक ओळीवर एक बाइंड. दोन तिरप्या रेघा काढून पुढे लिहिलेलं खेळ वाचत नाही, म्हणून तिथे स्वतःसाठी टीप लिहा: हे बटण का बदललं, कधी बदललं. महिन्याभराने आठवत नाही, अनुभवाने सांगतो.

इथे दोन खड्डे आहेत आणि नवीन माणूस दोन्हीत पडतो.

नोटपॅड गुपचूप शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतो. तुम्हाला नाव बरोबर दिसतं, कारण विंडोज शेपूट लपवून ठेवतं, पण खेळाला ती फाइल सापडत नाही. सेव्ह करताना खालच्या ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा. आणि फोल्डरच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला कायमची खूण करून टाका, फक्त खेळासाठी नाही, एकूणच बरं असतं.

दुसरा खड्डा अवतरणचिन्हांचा. वर्डमध्ये लिहून चिकटवलंत तर सरळ अवतरणं वाकडी, शोभेची होतात. डोळ्याला फरक कळत नाही, खेळाला कळतो आणि तो ती ओळ सोडून देतो. पुण्याला शिकणाऱ्या एका पोराच्या फाइलीत मी अर्धा तास चूक शोधत होतो. फाइल प्रोजेक्ट रिपोर्टसारखी वर्डमध्ये, मार्जिन सोडून लिहिली होती.

फाइल झाली की स्टीममध्ये खेळाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘लाँच ऑप्शन्स’च्या चौकटीत ‘अधिकचं चिन्ह, एक्झेक’, जागा, ‘ऑटोएक्झेक डॉट सीएफजी’ लिहा. आता दर वेळी खेळ सुरू होताना तुमची फाइल वाचली जाईल.

याचा एक उलटा परिणाम लक्षात असू द्या. उद्या तुम्ही सेटिंगच्या पानावरून एखादं बटण बदललंत आणि परवा ते परत जुन्यासारखं दिसलं, तर खेळ बिघडलेला नाही. तुमचीच फाइल रोज सकाळी येऊन आपलं म्हणणं खरं करतेय. ही फाइल केली की बदल तिच्यातच करायचा, एवढं पथ्य पाळा.

मेनूतून लावलेल्या बटणांची प्रतही जपायची असेल तर स्टीमच्या फोल्डरात ‘युजरडेटा’ आहे. त्यात आकड्यांच्या नावाचा फोल्डर म्हणजे तुमचं खातं. घरात दोन भाऊ खेळत असतील तर दोन दिसतील. त्यात ‘७३०’ (स्टीमवर काउंटर स्ट्राइकचा हा नंबर), मग ‘लोकल’, मग ‘सीएफजी’. आतल्या ‘व्हीसीएफजी’ शेपटाच्या फाइली म्हणजे तुमची बटणं आणि बाकी सेटिंग. अख्खा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाका. खेळाला ८५ जीबी मोकळी जागा लागते आणि या फाइली काही केबीच्या; पण खेळ पुन्हा डाउनलोड करता येतो, या फाइली येत नाहीत.

ढगातली आणि घरातली प्रत भांडतात तेव्हा

दोन कॉम्प्युटरवर खेळणाऱ्याला कधीतरी स्टीम विचारतं: ढगातली फाइल ठेवू की इथली? घाईत काहीतरी दाबलं की महिन्याभराची मेहनत गेली. दोन्हींसमोर तारीख-वेळ दिलेली असते. जिथे शेवटचं खेळलात ती ठेवा.

तारखेवर मात्र आंधळा विश्वास नको. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल तर वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग आज बदललेली फाइल दहा वर्षांपूर्वीची दिसू शकते. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख चुकीची दिसली तर आधी ती बॅटरी बदलून घ्या. सीआर २०३२ म्हणून मागा, कुठल्याही घड्याळजीकडे मिळते.

कॅफेत खेळणाऱ्यांसाठी

लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या पोरांकडे स्वतःचा कॉम्प्युटर नसतो. रविवारी तासाच्या हिशेबाने कॅफेत बसतात. तिथे तुमची फाइल टिकणार नाही, कारण बहुतेक कॅफेवाले मशीन ‘फ्रीझ’ करून ठेवतात: रीस्टार्ट झालं की सगळं मूळपदावर. व्हायरसपासून वाचायला त्यांनी ते केलेलं असतं, त्यांच्याशी वाद घालू नका.

तिथे असं करायचं. ऑटोएक्झेकची फाइल स्वतःच्या ऑनलाइन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये ठेवायची. कॅफेत बसलं की ती उतरवून त्या ‘सीएफजी’ फोल्डरात टाकायची, खेळ उघडून कन्सोलमध्ये ‘एक्झेक ऑटोएक्झेक’ म्हणायचं. अर्ध्या मिनिटात बटणं तुमची. पेनड्राइव्ह चालतो, पण कॅफेतला पेनड्राइव्ह घरी लावताना हात थरथरायला हवा. उठताना खात्यातून लॉगआउट करा, आणि ‘पासवर्ड लक्षात ठेव’च्या खुणेला हात लावू नका.

ताईचं मराठी टायपिंग आणि तुमचा खेळ

हा घोटाळा आपल्याकडेच होतो, इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडणार नाही. घरात एकच कॉम्प्युटर, आणि थोरली बहीण लिपिकाच्या परीक्षेसाठी त्यावर मराठी ३० ची तयारी करतेय. म्हणजे विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड बसवलेला. आता डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की विंडोज भाषा बदलतं. भाच्याने बोलायचं बटण डाव्या ऑल्टवर ठेवलं होतं, आणि शिफ्ट म्हणजे हळू चालणं. हळू चालत मित्रांना ‘मागून आलाय’ म्हणून सांगायला गेला की कीबोर्ड मराठी! काही खेळ बटणाची जागा बघतात, त्यांना फरक पडत नाही. काही त्यातून उमटणारं अक्षर बघतात, त्यांना तुमचा डब्ल्यू सापडतच नाही. कन्सोलमध्ये लिहायला जावं तर देवनागरी उमटतं.

बटणं उडाली असं वाटलं की म्हणून आधी खाली उजवीकडे बघा, इंग्रजी आहे का मराठी. मराठी असेल तर विंडोज बटण आणि स्पेस दाबून परत या. कायमचा इलाज असा: विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘टायपिंग’, ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’, मग ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. तिथे ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये ‘नॉट असाइन्ड’ निवडा. ताईला सांगून करा. तिची सवय ऑल्ट-शिफ्टची असेल तर तिलाही विंडोज-स्पेस शिकवा. न सांगता केलंत तर तिच्या सरावाच्या वेळी जे ऐकावं लागेल ते तुमचं तुम्ही बघा.

बटण कुठे ठेवावं

यात मतमतांतरं फार आहेत, माझं थोडक्यात. एका दिवशी दोनच बटणं बदला. बोटांना सवय लागायला वेळ लागतो. स्वस्त कीबोर्डवर ठरावीक तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं कळतच नाही. त्यात सेटिंगचा दोष नसतो, आतल्या तारांची मांडणीच तशी असते. तपासायचं तर नोटपॅड उघडून दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि ए ते झेड टाइप करा. कोणती अक्षरं गळतात ते दिसेल. आणि ब्राउझरच्या खेळात खाली वाकायला कंट्रोल ठेवू नका. वाकून पुढे जायला कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबले जातात, आणि ब्राउझरच्या भाषेत त्याचा अर्थ ‘टॅब बंद कर’. मॅच गेली.

मोबाइलचा खेळ एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर मोबाइलचे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) खेळत असाल तर बटणं खेळात नाही, एम्युलेटरमध्ये राहतात. खेळ काढून पुन्हा टाकला तरी फरक पडत नाही, पण एम्युलेटर काढला की गेली. ब्लूस्टॅक्स या एम्युलेटरमध्ये बटणांची मांडणी एक्स्पोर्ट करता येते, तेवढी करून ठेवा.

एका बटणावर एकाच वेळी उडी-फेक-वाकणं असं बसवायचा मोह आवरा. ऑगस्ट २०२४ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर हालचाल किंवा हल्ल्याची एकाहून जास्त कामं एका बटणावर बांधलेली चालेनाशी केली. कीबोर्डकडूनच आपोआप हालचाली करून घेणाऱ्यांना मॅचमधून बाहेर काढणंही तेव्हाच सुरू झालं. आंतरजालावरच्या जुन्या फाइलींत अशा ओळी अजून सापडतात. त्या उचलू नका.

मित्राची फाइल घेताना तर आधी ती नोटपॅडमध्ये उघडून वाचाच. पहिल्याच ओळीत ‘अनबाइंडऑल’ असेल तर ती तुमची सगळी बटणं पुसून मग त्याची लावते. त्यात त्याचा माउसचा वेगही असतो, निशाण्याचा रंगही असतो. भाच्याने हे सगळं शिकल्यावर हौसेने शाळेतल्या एका मित्राची फाइल आणून टाकली, आणि पुन्हा मला फोन. "मामा, आता बटणं राहायलीत जागेवर, पण चालायला गेलं की माणूस चालंनाच." फाइल मागवून बघितली. मित्र डावखुरा, त्याचं सगळं चालणं उजवीकडच्या बाणांवर बांधलेलं. "मग मी काय करू?" म्हणाला. म्हटलं, ती फाइल काढ, तुझी जुनी पेनड्राइव्हवर आहे ती टाक. थोडा वेळ फोनवर नुसती माउसची टकटक. मग म्हणाला, "पेनड्राइव्ह ताईकडं आहे, ती क्लासला गेली."